वानखेडे काकांचा थंडीतला वाढदिवस

अरे, जानेवारीतली गंमत ऐक. आपल्या मंडळाचे वाढदिवसाचे मेसेज पाठवणारं ॲप मी नव्या व्हर्जनवर टाकलं, आणि ते तारखा उलट्या वाचायला लागलं. १/७ म्हणजे एक जुलै, तर त्याला वाटलं सात जानेवारी! झालं, त्या दिवशी सकाळीच रांझीच्या वानखेडे काकांना शुभेच्छा गेल्या. लगेच त्यांचा फोन. मी माफी मागणार, तर काका गहिवरलेले.

"बेटा, तुले कसं समजलं?"

"काय, काका?"

"एक जुलै तर शाळेत मास्तरनं मनानं लिहिली होती. माय म्हणे, तू कडाक्याच्या थंडीत झाला. इतक्या वर्षांनी कोणी बरोबर दिवस पकडला!"

आता सांग भैया, ॲपची चूक होती म्हणून कसं सांगणार? बाकी सगळ्यांच्या तारखा सुधारल्या, काकांची तेवढी तशीच ठेवली.

संध्याकाळी काकूंचा फोन. "काहून रे, यांचीच बदलली? माझीही मास्तरनंच लिहिली आहे."

"मग काकू, तुमची खरी कोणती?"

"ते तू पाहा. फक्त आंब्याच्या दिवसातली टाक."