थांबा हं, पान उलटते

...आणि वर मलाच विचारते, "काका, आवाज कसा एकदम स्वच्छ येतोय ना?" आता काय सांगणार तिला? माझ्या कानात ते हेडफोन, समोर ती पोर इतक्या आशेनं बघतेय, म्हटलं हो हो, अगदी स्वच्छ, धुऊन वाळत घातल्यासारखा. ती खूश झाली. मी घरी आलो आणि बसून राहिलो. माझी तक्रार नाही हं. आधीच सांगून ठेवतो, नाहीतर म्हणाल, आला म्हातारा रडगाणं घेऊन. माझी काही तक्रार नाही.

ती पोर म्हणजे आमच्या वाचनालयातली नवी ग्रंथपाल. गुणी आहे हो. तिनं आल्या आल्या सगळं बदललं. आता तिथं दाराशी जाऊन उभं राहिलं की दार आपोआप उघडतं, पुस्तक परत करायचं तर भिंतीत एक फट आहे, तिच्यात सरकवायचं, मग आतून एक बाई म्हणते, "धन्यवाद." मी वाकून आत बघितलं, कोणी नाही. तरी मी म्हटलं, असू द्या, असू द्या. शिष्टाचार आहे की नाही काही?

आणि मी काही नव्याचा वैरी नाही. तुम्हाला सांगतो, माझा टायपिंगचा क्लास होता. घराच्या पुढच्या खोलीत मशिनं ओळीनं मांडलेली, सकाळपासून नुसती टकटक, ओळ संपली की टिंग. संगणक आले, पोरं एकेक करत गळाली, शेवटी भंगारवाल्याच्या गाडीत मशिनं चढवायला मीच एका बाजूनं हात लावला. त्याला एकट्याला उचलवेनात. तेव्हा नवीन आलं की जुन्याचं काय होतं, हे मला कोणी शिकवायला नको.

तर आमची ही त्या वाचनालयासाठी पुस्तकं वाचायची. म्हणजे वाचतात सगळेच, ही मोठ्यानं वाचायची, टेपवर. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी. वाचनालय टेपरेकॉर्डर द्यायचं, कोऱ्या कॅसेटी द्यायचं, आणि ही मागच्या खोलीत खिडकी लावून, मांडीवर उशी, उशीवर पुस्तक अशी बसायची. स्टुडिओ कुठला आलाय! पुढे माझ्या मशिनांची टकटक आणि मागे ही राजवाड्यातला खून वाचतेय.

आता हिची एक खोड होती. मध्येच काही बोलायचं झालं तर माणूस टेप बंद करील की नाही? ही करायची नाही. म्हणायची, "बटण दाबलं की खट्ट होतं, ऐकणारा दचकतो." म्हणून जे काय बोलायचं ते टेप चालू ठेवूनच. पान उलटायचं तर, "थांबा हं, पान उलटते." दर पानाला, बरं का. शिंक आली की, "माफ करा." दुष्ट माणसाचं बोलणं वाचून झालं की हळूच, "मेल्याला लाज नाही." आणि मी त्या खोलीत डोकावलो की संपलंच. "राजपुत्रानं तलवार उपसली आणि... अहो, दार लावा, टकटक येतेय आत." मग मी दार लावणार. आमची कडी जरा सैल, एका दमात बसायची नाही. ती बसेपर्यंत ही गप्प. राजपुत्र तलवार उपसून तसाच उभा. कडी लागली की मग पुढे.

जुने ग्रंथपाल कपाळाला हात लावायचे. "वहिनी, तुमच्या घरचं सगळं कशाला त्यात?" तर ही म्हणायची, "भाऊ, ती माणसं एकटी बसून ऐकतात हो. वाचणारं माणूस कुठंतरी खरंच बसलंय, एवढं तरी कळू दे त्यांना." ते कॅसेट घेऊन जायचे.

मागच्या वर्षी ती गेली. फार आजारी नव्हती. गेली. घरात फोटो आहेत ढीगभर, बघावं तिकडे हीच, पण आवाज? एक नाही. आम्ही कधी एकमेकांचे आवाज भरून ठेवले नाहीत, रोज फुकट ऐकू येत होते ना. सगळा आवाज वाचनालयात. आणि तिथला टेपरेकॉर्डर कधीच मेलेला, माझ्याकडचाही गेलेला. कारण आता नवीन सोय आली होती, फोनमध्ये यंत्र पुस्तक वाचतं. कुठलंही पुस्तक, पाहिजे तेव्हा, न थकता, न शिंकता. चांगलंच आहे की. माझी तक्रार नाही.

तक्रार वकीलसाहेबांची होती. हे आमच्या मागच्या गल्लीतले, डोळे गेले तसं कोर्ट सुटलं, पण कोर्टातला आवाज सुटला नाही. ते वाचनालयात जाऊन गरजले, "हे यंत्र मला 'सर्व हक्क राखीव'सुद्धा वाचून दाखवतं! छापखान्याचा पत्ता वाचतं! आणि नायिकेचं मूल दगावलं ते कसं सांगतं माहितीय? 'दरवाजा बंद होत आहे' सांगतात ना लिफ्टमध्ये, तसं. मला ती 'थांबा हं' म्हणणारी बाई पाहिजे." आता काय करणार? त्या पोरीनं मनावर घेतलं. माळ्यावरच्या कॅसेटी काढल्या, कुठून तरी जुनं यंत्र आणलं आणि सगळं संगणकावर चढवायला बसली. मला रस्त्यात भेटली तर म्हणाली, "काका, काकूंचा आवाज ऐकायला मिळणार तुम्हाला. जरा धीर धरा." धरला की. परीक्षेच्या निकालाला पोरं धरतात तसा धरला, दर दोन दिवसांनी जाऊन त्या आपोआप उघडणाऱ्या दाराला त्रास द्यायचा आणि परत यायचं.

मला पुस्तक ऐकायचं नव्हतं हो. पुस्तक काय, घरात पडलंय. मला ते 'अहो' पाहिजे होतं. बाकी सगळं लोकांसाठी वाचलेलं, तेवढंच एक माझं होतं.

तर मग तो दिवस. हेडफोन लावले. तिचाच आवाज, अगदी कानात. "राजपुत्रानं तलवार उपसली आणि..." मी खुर्ची घट्ट धरली. आणि तुम्हाला सांगतो, त्यानं सरळ चालवली. उपसली आणि चालवली, मुडदा पाडून मोकळा. मध्ये दार नाही, कडी नाही, अहो नाही. पुढं ऐकलं, पान उलटत नाही. शिंक नाही. दुष्ट माणूस बोलून गेला, त्याला कोणी मेला म्हणत नाही.

मी विचारलं, "ते मधलं बोलणं कुठंय?"

"सगळं काढलं काका!" काय आनंद तिच्या तोंडावर. "बाकीच्या कॅसेटींना एवढं नाही केलं. काकूंच्या म्हणून माझ्या सुट्टीच्या दिवशी बसले. दर पानाला काहीतरी होतं. आणि मागं कसलीतरी टकटक होती, तीपण काढून टाकली."

कसलीतरी टकटक. माझा आख्ख्या जन्माचा धंदा, कसलीतरी टकटक.

म्हटलं, मूळ कॅसेटी असतील ना? तर म्हणे, "त्यांना बुरशी लागली होती काका, टाकून दिल्या." संगणकावर काटछाट न केलेलं असेल? "ते जागा खात होतं, पुसलं." आणि मग ते विचारलंन, आवाज कसा स्वच्छ येतोय ना. सांगा, काय बोलणार? स्वतःची सुट्टी घालवून पोरीनं माया केली. मायेवर तक्रार कुठं करायची, त्याची खिडकी असते का कुठं? म्हटलं, छान झालंय हो. माझी काही तक्रार नाही.

पण वकीलसाहेबांनी ते स्वच्छ केलेलं पुस्तक फोनवर ऐकल्यावर मला बोलावणं धाडलं. गेलो. दारातच म्हणाले, "पुरावा नष्ट केलाय! राजरोस!" मी आत आलो, घरच्या सवयीनं दार दोनदा लोटलं. तर ते एकदम थांबले. मान तिरकी केली.

"तुम्हीच का ते 'अहो'?"

मी म्हटलं, "हो."

"बसा," म्हणाले. आवाज उतरला त्यांचा. "इतकी वर्षं तुम्हाला दार लावताना ऐकतोय मी. कडी सैल आहे तुमची."

मला रडू आलं. त्यांना दिसलं नाही, पण ऐकू आलं असणार, त्यांना सगळं ऐकू येतं. त्यांनी फोन चाचपडून काढला, पुस्तक लावलं, आणि तिचा आवाज सुरू झाला, तो धुतलेला. पहिलं पान संपलं असेल नसेल, वकीलसाहेब आपल्या त्या घोगऱ्या आवाजात म्हणाले, "थांबा हं, पान उलटते." पुढे शिंकले, "माफ करा." दुष्ट माणसाला म्हणाले, "मेल्याला लाज नाही." या माणसानं त्या कॅसेटी इतक्या वेळा ऐकल्या होत्या की काढून टाकलेलं सगळं त्यांच्याकडे जागच्या जागी होतं.

आता मी रोज दुपारी जातो. दोघं बसतो. ती वाचते. आणि राजपुत्र तलवार उपसतो तेव्हा कोर्ट दणाणून सोडलेला तो माणूस हळू आवाजात म्हणतो, "अहो, दार लावा, टकटक येतेय आत."

आणि मी उठतो. दार लावलेलंच असतं, आत कसलीही टकटक येत नसते, तरी उठतो, ते उघडतो आणि परत लावतो. फक्त एक आहे. मी परत येऊन बसेपर्यंत ते यंत्र थांबत नाही. राजपुत्राचं काम उरकलेलं असतं, माझं तेवढं ऐकायचं राहून जातं.

ती थांबायची हो. तेवढं सोडलं तर... नाही, माझी काही तक्रार नाही.