सव्वाची हवा

गोंचिग : उलानबातरमध्ये टायर मिळेनासे झाले की काय?

योंदोन : तसं नाही रे, गोंचिगदा.

गोंचिग : मग? साडेपाचशे किलोमीटर गाडी हाकत गोबीत आलास, ते चाकं बदलायला? तिथं तुझ्या घराखालीच चार दुकानं असतील.

योंदोन : सहा आहेत.

गोंचिग : मग झालं तर.

योंदोन : तुझ्यासारखं बघून देत नाही कुणी. आणि थंडी तोंडावर आली. म्हटलं, दलानझादगदला जाऊ, दादाला भेटणंही होईल.

गोंचिग : दोन वर्षांत साधा फोन केला नाहीस, आणि आता भेटणं होईल म्हणे. बरं, घे पुढं गाडी. अजून. बस्स. हे काय घातलंयस पायात हिच्या?

योंदोन : जपानवरून आलेले आहेत. वापरलेले, पण नक्षी बघ ना, नव्यासारखी आहे.

गोंचिग : नक्षी बघून गालिचा घेतात, टायर नाही. इकडं वाक. हे चार आकडे वाच.

योंदोन : चौदा... बारा.

गोंचिग : म्हणजे दोन हजार बारा साली, चौदाव्या आठवड्यात जन्मले. आता हिशेब कर. रबर म्हातारं झालं की नक्षी तशीच राहते आणि जीव निघून जातो. इथं बाजूला बोट फिरव. भेगा लागतात हाताला?

योंदोन : लागतात. बारीक आहेत.

गोंचिग : माझ्या टाचेसारख्या. आणि यावर तू सात माणसं बसवून फिरतोस. वर छपरावर तंबू, पेट्या, पाण्याचे डबे. तीन टनांचं धूड आहे हे, योंदोन. वीस वर्षं गाडी चालवतोस, तुला शिकवायचं का मी?

योंदोन : म्हणून तर आलो ना. ते मोठ्या गाठींचे दे, चिखलातले. दिसतात पण झकास.

गोंचिग : गोबीत चिखल कुठं पाहिलास रे? त्या गाठी डांबरावर घोंघों करतात, पेट्रोल पितात आणि हिवाळ्यात काचेसारख्या रस्त्यावर तुला सरळ खड्ड्यात नेऊन ठेवतात. मधल्या जातीचे घे. डांबरही चालतं, खडीही चालते. बाजूची भिंत जाड हवी. आपल्याकडं दगड खालून चावत नाही, कुशीत चावतो. आणि हा आकडा बघ, वजनाचा. एक पायरी खालचा स्वस्त मिळतो म्हणून लोक घेतात, आणि मग...

योंदोन : मग काय?

गोंचिग : काही नाही. पाच लागतील.

योंदोन : चार पुरे. स्टेपनी चांगली आहे माझी.

गोंचिग : स्टेपनी यांचीच जुळी बहीण आहे. ज्या दिवशी लागेल त्या दिवशी तीच रुसेल. पाच.

दुलमा : कोण आलंय? गाडीचा आवाज ओळखीचा वाटला, म्हणून उठले.

योंदोन : वहिनी, मी. तुम्ही कशाला उठलात?

दुलमा : अगंबाई, योंदोन! मेल्या, जिवंत आहेस होय? आम्हाला वाटलं, राजधानीत मंत्री झालास. कशाला उठलात म्हणे! काठी आहे, पाय आहे, दोघं मिळून नेतात मला. चहा टाकलाय, मीठ नीट घातलंय. बोर्त्सोग पण आहेत, सकाळी कणीक मळून तळले. हे काय, तोंड का असं सुतकी?

योंदोन : काही नाही, वहिनी. प्रवासाचा शीण. दारावर ती पाटी कसली?

दुलमा : वाचता येत नाही का? ‘पंक्चर काढून मिळणार नाही.’ दोन वर्षं लटकतेय. खाटकाने मांस विकणार नाही म्हणावं, तसं आमचं दुकान. ट्रकवाले येतात, पाटी बघतात, हसतात आणि त्या पलीकडच्या टोळभैरवाकडं जातात.

गोंचिग : दुलमा, चहा दे त्याला.

दुलमा : देतेय ना! तोंडानं थोडीच देतेय. नवे टायर विकतो फक्त. ठिगळ म्हटलं की पाठ फिरवतो हा. खोटं नाही सांगत, खरंच फिरवतो.

गोंचिग : पुरे झालं. जॅक खाली सरकव, योंदोन. दगड लाव मागच्या चाकाला.

योंदोन : मला माहीत होतं, दादा.

गोंचिग : काय माहीत होतं?

योंदोन : पाटीचं. मागच्या महिन्यात गुरवनतेसच्या अँब्युलन्सचा ड्रायव्हर भेटला, खिशिग. तो म्हणाला, बाळंतीण घेऊन येत होतो, इथं गावाच्या तोंडाशी आल्यावर खिळा घुसला. गोंचिगच्या दारात उभा राहिलो, पाया पडलो, तरी त्यानं हात लावला नाही. शेवटी कुणीतरी चाक आणून दिलं. तोवर बाई गाडीतच बाळंत झाली.

गोंचिग : बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत.

योंदोन : हो, तेही म्हणाला.

गोंचिग : मी दुसऱ्या दिवशी जाऊन बघून आलो. दवाखान्याच्या खिडकीतून. आत जायचं तोंड नव्हतं. झालं समाधान? त्याचा न्याय करायला आलास?

योंदोन : नाही. तुझा न्याय करणारा मी कोण? दादा, तू ठिगळ का लावत नाहीस?

गोंचिग : हे तू विचारतोस? तू?

दुलमा : असू दे आता. चहा घे, निवतोय.

गोंचिग : थांब, त्याला ऐकायचंय ना! माझ्या हातचं ठिगळ होतं. डाव्या मागच्या चाकाला, कडेच्या जवळ. इतक्या कडेला लावायचं नसतं, मला ठाऊक होतं. पण तुला हिला घेऊन सकाळी निघायचं होतं, हिची आई शेवटच्या घटका मोजत होती. म्हटलं, धरेल. नाही धरलं. गाडी तीनदा उलटली. हिचं कंबरेचं हाड मोडलं. आईचं तोंड दिसलं नाही ते नाहीच. ती तिकडं लेकीची वाट बघत गेली, आणि ही वाळवंटात पडून होती. कशामुळं? माझ्या ठिगळामुळं. आता पुन्हा लावू? कुणाच्या बायकोसाठी लावू?

योंदोन : ठिगळामुळं नाही.

गोंचिग : काय?

योंदोन : तुझ्या ठिगळामुळं टायर फुटला नाही, दादा. थांब जरा. गाडीत आहे. मी दाखवतो.

(योंदोन गाडीच्या मागच्या दारातून पोत्यात गुंडाळलेला फाटका टायर काढून आणतो.)

गोंचिग : हा... हा तोच आहे?

योंदोन : तोच.

गोंचिग : मी तेव्हा कितीदा मागितला तुझ्याकडं. तू म्हणालास, तिथंच वाळवंटात राहिला.

योंदोन : खोटं बोललो. घरी शेडमध्ये होता. तू एकदा बघितला असतास की तुला कळलं असतं, म्हणून दिला नाही. बघ आता.

दुलमा : हे काय चाललंय? अरे, कुणीतरी मला सांगा.

गोंचिग : गप. उजेडात धर. आत हात घालू दे. ...भुगा आहे. काळा भुगा, मूठभर. आणि ही भिंत, सगळीकडून सारखी जळलीय. गोल पट्टा पडलाय. ठिगळ कुठं आहे?

योंदोन : पलीकडं. नक्षीच्या तुकड्यावर.

गोंचिग : चिकटलेलं आहे.

योंदोन : हो.

गोंचिग : नखानं उकलत नाही. बघ, दुलमा. उकलत नाही. चिकटलेलं आहे माझं ठिगळ.

दुलमा : मग फुटला कशानं?

गोंचिग : हवा नव्हती यात. कमी हवेवर पळवलाय. भिंत घडी घालत, उलगडत पळत राहिली की आतून तापते, भाजते आणि फाटते. किती हवा होती, योंदोन?

योंदोन : सव्वा.

गोंचिग : अडीच बार भरून दिली होती मी, ही निम्मीच.

योंदोन : सेव्रेइच्या अलीकडं वाळूत रुतलो. चारी चाकांची हवा सव्वावर आणली, तेव्हा कुठं गाडी तरंगली. वाळू संपली, कडक खडी लागली. तिथं थांबून पुन्हा भरायची होती. नाही भरली. साठ किलोमीटर तसाच गेलो, नव्वदच्या वेगानं.

गोंचिग : का?

योंदोन : घाई होती.

गोंचिग : चार चाकं भरायला पाव तास लागतो! पाव तास! का नाही थांबलास?

योंदोन : नाही थांबलो. चुकलं माझं. झोपेत होतो, आळस केला, काय वाटेल ते समज.

दुलमा : खोटं बोलतोय हा.

योंदोन : वहिनी, तुम्ही नका...

दुलमा : तू थांबला होतास, योंदोन. मला आठवतंय सगळं. वाळू संपली आणि तू उतरलास. मागून ते पिवळं यंत्र काढलंस, नळी सोडलीस. पंपच होता ना तो? मी खिडकीची काच खाली केली आणि ओरडले तुझ्यावर. म्हटलं, माझी आई मरतेय आणि तू चाकांशी काय खेळत बसलायस? चल म्हटलं. म्हटलं ना मी?

योंदोन : वहिनी, गाडी मी चालवत होतो.

दुलमा : म्हटलं ना मी?

योंदोन : म्हणालात. पण तुम्हाला चाकातलं काय कळणार? मला कळत होतं. ड्रायव्हरनं सांगायचं असतं, वहिनी, पाव तास लागेल, रागवा, शिव्या द्या, पण बसा. मी नळी गुंडाळून ठेवली. तुमच्या रडण्याला भ्यालो. ते तुमच्या माथी नका घेऊ.

दुलमा : आणि दोन वर्षं मला वाटत राहिलं की यानं घाईत ठिगळ लावलं. तोंडानं बोलले नाही कधी याला, पण मनात होतं. पाय दुखला की मनात यायचं. याला कळायचं ते. कळायचं ना तुला?

गोंचिग : कळायचं.

योंदोन : दवाखान्यात सांगणारच होतो, दादा. शपथ. तू आलास, भिंतीला टेकून खाली बसलास आणि म्हणालास, ‘माझ्या ठिगळानं केलं रे हे.’ लहान पोरासारखा रडत होतास. मला विचारलंस, ‘ठिगळच सुटलं ना?’ आणि मी... मान डोलावली. एवढंच केलं. वाटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी तू जेवण घेऊन आलास माझ्यासाठी. माझ्यासाठी! माफी मागत होतास माझी. त्यानंतर कसं सांगायचं? म्हणून गाव सोडलं.

गोंचिग : मी तुझी माफी मागितली.

योंदोन : तीन वेळा.

गोंचिग : आणि तू दिलीस.

योंदोन : दिली.

दुलमा : देवा रे.

गोंचिग : आधी पाना दे इकडं. तो नाही, लांब दांड्याचा.

योंदोन : दादा, काहीतरी बोल. मार हवं तर.

गोंचिग : पाना दे म्हटलं ना. मला आत्ता हाताला काम पाहिजे. नाहीतर खरंच मारेन.

दुलमा : बस इथं, योंदोन. त्याला करू दे. मीही बसते.

योंदोन : तुमचा पाय...

दुलमा : पायाचं राहू दे. आई गेली तेव्हा मी शुद्धीत नव्हते, म्हणून मला रडताही आलं नाही धड. नंतर वेळ गेली. लोक म्हणायचे, नवऱ्यावर चिडलीय, म्हणून डोळे कोरडे. खरंच चिडले होते. आता कुणावर चिडू? तुझ्यावर? माझ्यावर?

योंदोन : माझ्यावर.

दुलमा : तेवढंच सोपं असतं तर काय हवं होतं? पण तू आलास. ठेवून घेतला असतास टायर, कुत्रं विचारायला येणार नव्हतं. तेवढं मी धरीन तुझ्या बाजूनं. बाकीचं बघू.

गोंचिग : झाली पाचही. इकडं ये. अडीच भरलीय. हवा सकाळी बघायची, गाडी हलायच्या आत, थंड चाकात. तापल्यावर बघितलीस तर काटा खोटं सांगतो. दहा हजार किलोमीटर झाले की पुढची चाकं मागं, मागची पुढं. स्टेपनीलाही फेऱ्यात घे, नुसती टांगून ठेवू नकोस. वाळूत हवा उतरवलीस तर...

योंदोन : वाळू संपली की पहिलं काम भरायचं.

गोंचिग : कुणी काहीही म्हणो.

दुलमा : कुणाचीही आई मरत असो.

योंदोन : हो, वहिनी.

गोंचिग : हा फाटका इथंच ठेवून जा.

योंदोन : कशाला? जाळून टाक.

गोंचिग : तुझ्या सल्ल्यानं नाही. खिशिगला दाखवणार आहे, कशाच्या भीतीनं हात लावला नाही ते. त्या बाळंतिणीच्या घरीही जायचंय. चूक माझी नव्हती हे सांगायला नाही. त्या दिवशी मी हात लावला नाही, ते माझंच होतं. ते तुझ्या नावावर नाही टाकता येत मला.

योंदोन : तेसुद्धा माझ्यामुळंच...

गोंचिग : गप बस. सगळंच तू घेऊन जाऊ नकोस.

दुलमा : जेवूनच जा आता. मांस भरून बूझ वाफवते, अर्ध्या तासात होतील.

गोंचिग : आज नको, दुलमा. याच्यासमोर बसून घास उतरायचा नाही मला.

योंदोन : बरोबर आहे. निघतो मी. वहिनी, येतो.

गोंचिग : नवी चाकं शंभर किलोमीटर पळाली की नट पुन्हा आवळावे लागतात. विसरू नकोस.

योंदोन : वाटेत मंदलगोबीला घेईन आवळून कुणाकडून तरी.

गोंचिग : कुणाकडून तरी नाही. मी घातलीत, मीच आवळणार.

योंदोन : म्हणजे?

गोंचिग : पन्नास जा आणि पन्नास परत ये. मी आहे इथंच.