मंदोदरीचं बिनचूक वाक्य

मंडळी, ऐका. आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. गुरूनं विद्या दिली — मनापासून दिली, हातचं काही न राखता दिली — आणि शिष्याची वाचाच गेली. तर त्याला दान म्हणायचं का? घाई नको. आधी काय झालं ते ऐका.

तापीकाठचं एक तालुक्याचं गाव. पन्नासेक वर्षं झाली असतील. तिथं एक इस्पितळ, आणि इस्पितळातच नर्सचं शिक्षण. आसपासच्या खेड्यांतल्या मुली शिकायला यायच्या. डॉक्टर केरळातले, मोठ्या सिस्टर तिकडच्याच. मराठीचा गंध नाही. मग मुलींना इंग्रजी नको का? ते शिकवायला नेमले त्र्यंबक सोनटक्के सर.

सर माणूस सज्जन हो. कधी छडीला हात लावला नाही, कुणाला टाकून बोलले नाहीत. एकच हट्ट — व्याकरण. चूक कानावर पडली की टेबलावर डस्टर. टक. बोलणाऱ्यानं तिथंच थांबायचं अन् पहिल्यापासून सुरू करायचं. कीर्तनात तबला चुकला तर मीसुद्धा एवढं करत नाही! — तबलजीबुवा, दचकू नका, तुम्हाला नाही म्हणत.

त्या वर्गात एक मुलगी आली, मंदोदरी तायडे. लंकेतली नव्हे, भुसावळकडची. बडबडी. पहिल्याच दिवशी उभी राहिली, डोळे मोठे करून सांगू लागली, "सर, येस्टरडे माय फादर गो फील्ड—"

टक. "गो नाही. वेंट. पुन्हा."

"येस्टरडे माय फादर वेंट फील्ड—"

टक. "वेंट टू द फील्ड. पुन्हा."

"येस्टरडे माय फादर वेंट टू द फील्ड. बिग स्नेक कम—"

टक.

मंदोदरी खाली बसली. मंडळी, सापाचं पुढं काय झालं? बाप वाचला का? तुम्हाला विचारावंसं वाटलं ना? सरांना नाही वाटलं. सरांना 'केम' हवं होतं.

मुलगी हुशार. तिनं ओळखलं, इथं बोलायचं तर आधी मनात वाक्य पुरं जुळवायचं, उलटंपालटं करून तपासायचं, मगच तोंड उघडायचं. वर्षभरात ती एवढी तयार झाली की परीक्षेत पहिली आली. कुठला काळ विचारा, घडाघडा सांगायची. सर म्हणायचे, "तायडेच्या तोंडून चूक काढून दाखवा." बरोबरच होतं. तिच्या तोंडून आपणहून शब्दच निघत नव्हता, तर चूक निघणार कुठून?

आता पुढचं जरा शांतपणे ऐका.

इस्पितळात झिपरू आबा नावाचे एक म्हातारे आले. पायाची जखम चिघळलेली. मंदोदरी पट्टी बदलत होती. आबा म्हणाले, "पोरी, गेल्या साली मला पेनिसिलीन टोचलं व्हतं. अंगभर चट्टे उठले, श्वास कोंडला. ते काही देऊ नका बरं." ती म्हणाली, "नाही देऊ देत आबा."

त्या शब्दावर आबांचा डोळा लागला. तेवढ्यात डॉक्टर आले. जखम पाहिली, सिस्टरला म्हणाले, "पेनिसिलीन."

मंदोदरी पुढं झाली. "सर, पेशंट हॅज—" थांबली. गेल्या सालची गोष्ट, मग 'हॅज' कसं चालेल? 'हॅड'? की 'हॅज हॅड'? डॉक्टर थांबले होते. "येस, सिस्टर?" असं मायेनं विचारलंसुद्धा. तिच्या डोक्यात टक टक सुरू. डॉक्टरांनी वाट पाहिली, आणि पुढच्या खाटेकडे गेले.

तुम्ही म्हणाल, अहो, हात धरायचा, खुणा करायच्या, "नो पेनिसिलीन" एवढं ओरडायचं! अगदी खरं. पण वर्षभर जिला अर्धं वाक्य गिळायला शिकवलं, तिला ते सुचावं कसं? ती दारापाशी उभी राहून वाक्य जुळवत राहिली. जुळलं तशी धावत आली आणि डॉक्टरांना म्हणाली, "सर, द पेशंट हॅड अ बॅड रिअ‍ॅक्शन टू पेनिसिलीन लास्ट इयर."

काना-मात्रेची चूक नाही. मागं सिस्टरच्या हातातली सुई रिकामी झाली होती.

डॉक्टरांनी शर्थ केली. आबा राहिले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मंदोदरी सरांच्या घरी आली. ओट्यावर उभी राहिली. घडलं ते सगळं सांगितलं, मराठीत, पण एकेक शब्द चाचपून. रडली नाही. शेवटी म्हणाली, "सर, वाक्य बरोबर होतं ना?"

सोनटक्के सरांचा आयुष्यभराचा धंदा चूक-बरोबर सांगण्याचा. म्हणाले, "बरोबर होतं, बाई." ती मान हलवून गेली. इस्पितळ तिनं सोडलं. कुणी काढलं नव्हतं, तिनंच सोडलं.

सरांनी शिकवणं सोडलं नाही. सोडणं सोपं होतं. पण पुढल्या वर्गात एक मुलगी म्हणाली, "सर, ओल्ड मॅन फॉल बाथरूम," तर सर म्हणाले, "ही फेल? कधी? लागलं का?" मुलगी आपसूक म्हणाली, "ही फेल मॉर्निंग, सर." बोलणं पुरं झालं, आणि मग सरांनी फळ्यावर 'फॉल' आणि 'फेल' लिहिलं. नियम तेच, व्याकरण तेच. फक्त आधी म्हातारा उचलला, मग क्रियापद. त्या मुली बोलू लागल्या. चुकत, अडखळत, पण वेळेवर.

मंदोदरी मात्र परत आली नाही. सर दोनदा तिच्या गावी गेले. तिनं पाणी दिलं, पाट मांडला, बोलली नाही. आई म्हणाली, "लय बडबडी होती हो." सर तसेच उठले. ते ओझं त्यांच्यासंगंच गेलं.

मंडळी, आता घरी जाल. एखादं लेकरू धावत येईल, सून काही सांगू लागेल, म्हातारी बोबडं बोलेल. शब्द चुकेल, आणि तुमच्या ओठांवर हसू येईल, नाहीतर दुरुस्ती. तेवढं क्षणभर गिळा. समोरचं माणूस काय सांगतंय ते पुरतं कानात घ्या. कदाचित कुणाच्या जिवाचं असेल.

हात जोडा, आणि म्हणा नाव देवाचं, जमेल तसं. तो सूर तपासत नाही.