पिनबॉलवर नातीचं बारसं

विषय : नातीचं नाव पिनबॉलच्या यंत्रावर ठरविण्याबाबत.
संदर्भ : गोरेगावच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, झालेली आमची शोभा.

...आणि वर मलाच म्हणतात, तुम्ही खेळ बिघडवला! तुम्हाला सांगतो, लेकीचं बाळंतपण आमच्याकडे, तर नाव आमचं, गुंजन. पण आमचे इवाई, म्हणजे लेकीचे सासरे पुरनलाल, अडून बसले. "दुलारीच ठेवाचा! माझ्या मायचा नाव हाय." बाळाच्या आईबापांना विचारायचं? छे, त्यांचा काय संबंध! मंडईत मुन्नालाल नावाच्या खेळवाल्याचं पिनबॉलचं यंत्र दिसलं आणि ठरलं... एकेक गोळी, जास्त गुण ज्याचे, नाव त्याचं.

खेळ सोपा हो. दांडा ओढून सोडला की लोखंडी गोळी वर उडते, खांबांना धडकत, घंट्या वाजवत, गुण वाढवत उतारावरून खाली येते. खाली दोन छोटे हात, बाजूच्या बटणांनी उडणारे. त्यांनी तिला परत वर हाणायची. मधून खाली गेली, संपलं!

पुरनलाल खेळले, धानाच्या बांधीत बैल हाकावे तसे! "हाऽऽ! वर जाय ना वं!" गुण असे चढले की मला घाम! मग गोळी घसरली, तर यांनी रुतलेल्या बैलबंडीला लावावा तसा यंत्राला खांदा लावला. दिवे गप्प, बटणं गप्प. मुन्नालाल ओरडला, "हिलाओगे तो मशीन रूठेगी ना, पटेलजी!" गोळी खाली गेली, संपलं!

माझी पाळी. गुण भराभर जमले, आता एक टोला आणि गुंजन! गोळी उतरली, मी बटण दाबून यंत्राचा हात उचलून धरला, आणि ती त्यावर येऊन... बसली. आता मारावी कुठे? डावीकडे? उजवीकडे? आणि चुकलं तर? उभ्या नोकरीत मी एकच शिकलो, निर्णय घेतला नाही की चूक होत नाही. धरून ठेवली.

"अहो, मारा ना!" आमच्या सौ. देवकाबाई.

"विचार सुरू आहे."

"काऊन जी इवाई, झोपून राहिले का?"

"बाबूजी, जल्दी! जनरेटर का डीज़ल..."

मुन्नालालचं वाक्य पुरं होण्याआधीच अंधार! बटण दाबलेलंच, पण हात पडला, आणि गोळीचा आवाज... घरंगळत, घरंगळत... खाली गेली, संपलं!

पुरनलाल म्हणतात, "हारले तुम्ही!" मी म्हणतो, वीज नसताना पडलेली गोळी ग्राह्य धरता येत नाही. दोघांनी नाव नोंदवायला ग्रामपंचायतीत वेगवेगळे अर्ज दिले. ग्रामसेवक म्हणाले, "एकमतानं एकच नाव आणा."

दोन्ही अर्ज प्रलंबित आहेत. नात आता चालायला लागली आहे. 'ए' म्हटलं की येते.