लॅमिनेट केलेला कागद आणि गुंड्याचं गाजर

...नाही, पण मला एक सांगा, घरातल्या माणसाने घराच्याच भल्यासाठी महिन्यातून एकदा शिट्टी वाजवली, तर त्यात एवढं बिघडलं काय? बिघडलं. गुंड्याच्या घशात गाजर अडकलं. गुंड्या म्हणजे आमच्या लेकीचा गिनीपिग हो... अंगभर केस, शेपूट नाही, आणि फ्रिजचं दार उघडलं की तीन मजल्यांना ऐकू जाईल अशी बोंब. आणि मी, तुम्हाला सांगतो, एकवीस वर्षं कारखान्यात सेफ्टी ऑफिसर!

लेक पंधरा दिवस ट्रेनिंगला गेली. जाताना पिंजऱ्यावर एक कागद चिकटवला आणि म्हणाली, "बाबा, गुंड्याला तुमच्या भरवशावर ठेवून जातेय. आईच्या नाही, तुमच्या." अहो, नाहीतर या घरात मला रिमोटचे सेल बदलायलासुद्धा कोणी विचारत नाही. मला भरूनच आलं. मी तो कागद काढला, कारखान्यात नेला, वर लाल पट्टी, कोपऱ्यात दस्तऐवज क्रमांक, खाली माझी सही, लॅमिनेट केला आणि चारही कोपरे तारेने आवळून परत पिंजऱ्यावर लावला. एकच गोष्ट राहिली. वाचायचा राहिला.

त्यात काय होतं? गाजर काडेपेटीच्या काडीसारखं लांब, पातळ चिरायचं. मी काय केलं? पट्टी लावून चौकोनी तुकडे पाडले. सासूबाई आमच्याकडेच असतात, त्या म्हणाल्या, जरा मोठे नाही का वाटत? मी म्हटलं, सगळे एकसारखे आहेत. त्या परत विणायला लागल्या. माझ्याशी वाद घालणं त्यांनी कधीच सोडून दिलंय.

आणि त्यात दुसरी ओळ होती, तो खात असताना आवाज करू नका, दचकतो. आता माझं कसं, दर पहिल्या शनिवारी पाच वाजता घरात मॉक ड्रिल. मी शिट्टी वाजवायची, सगळ्यांनी बाहेर पडायचं. बायको हातातला चहा न सांडता सत्तर सेकंदांत जिन्यावर, सासूबाई विणकामासकट दोन मिनिटांत. या वेळी गुंड्यालाही घ्यायचं होतं. टोपलीत गप्प बसावा म्हणून त्याला गाजराचा तुकडा दिला, त्याने तो तोंडात घेतला, आणि मी... शिट्टी फुंकली.

दचकला बिचारा. मान ताणली, तोंड उघडं, लाळ गळतेय, पुढचे दोन्ही पंजे तोंडावर मारतोय, आणि आवाज नाही. एवढा बोंबल्या तो, त्याचा आवाज बंद! लेकीला काय तोंड दाखवू?

पण ट्रेनिंग ते ट्रेनिंग. चारशे कामगारांना शिकवलंय मी, घशात अडकलं की पहिली पायरी, माणसाला विचारा. मी खाली वाकलो आणि खणखणीत आवाजात विचारलं, "तुम्हाला बोलता येतंय का?"

बायको म्हणाली, "अहो, कोणाला विचारताय?"

दुसरी पायरी, मागे उभं राहून बेंबीच्या वर मूठ. मी त्याची बेंबी शोधायला लागलो, तेवढ्यात बायकोने माझा हात झटकला आणि जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या भराभर सांगत सुटल्या. पोट दाबू नका, पाणी पाजू नका, बोट घालून चाचपडू नका, तुकडा आणखी आत जाईल. तोंड उघडून बघा, दिसला तरच चिमट्याने काढा, नाहीतर टॉवेलात गुंडाळून तडक इकडे निघा. मग विचारलं, घरात प्रथमोपचार येणारं कोणी आहे का?

बायकोने माझ्याकडे बघितलं. "नाही," म्हणाली. आणि मी, तुम्हाला सांगतो, एकवीस वर्षं सेफ्टी ऑफिसर!

सासूबाईंनी त्याला टॉवेलात धरलं, डोकं जरा खालच्या बाजूला. बायकोने तोंड उघडलं. माझ्याकडे टॉर्च दिली. केशरी कोपरा दिसला. बायकोने भुवयांच्या चिमट्याने तो पकडला, हळूच ओढला... आणि मग गुंड्याने जी काही बोंब ठोकली ना! मी रडलो. खोटं कशाला सांगू, हुंदके देऊन रडलो.

तरी दवाखान्यात नेलाच. घसा आतून सोलला असेल तर बाहेरून कळत नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आणि या जनावराला उलटीच करता येत नाही, म्हणून चिरतानाच काळजी घ्यायची. दोन दिवस नीट खातोय का, लेंड्या टाकतोय का, बघा. मग विचारलं, गाजर कोणी चिरलं? मी शाळेतल्यासारखा हात वर केला.

लेकीला फोन केला. वाटलं, आता खरडपट्टी. तिने आधी गुंड्याची बोंब फोनवर ऐकून घेतली. मग म्हणाली, "बाबा, तो कागद वाचून दाखवा." वाचला. दस्तऐवज क्रमांकापासून माझ्या सहीपर्यंत सगळा वाचला. तेव्हापासून रोज व्हिडिओ कॉल. मी गाजराशेजारी काडेपेटीची काडी धरायची, तिने मापून बघायचं, मग गुंड्याने खायचं. कारखान्यात मी तपासणीला निघालो की लोक हेल्मेट शोधत पळतात हो! आणि शिट्टी? ती सासूबाईंच्या विणकामाच्या पिशवीत जमा आहे.

काल लेक आली. आधी गुंड्याला उचललं, उलटापालटा करून बघितलं, मग माझ्या पाठीवर हात ठेवला. मला वाटलं, सुटलो. तर तिने पर्समधून नवा कागद काढला. एकच ओळ. 'बाबांना एकट्याला काहीही करू देऊ नये.' म्हणाली, बाबा, दस्तऐवज क्रमांक घाला आणि खाली सही करा.

केली. या वेळी वाचून केली.