ड्रायवरला असतंच ते

मूळचा मी मोहोळकडचा. बा दुसऱ्याच्या रानात राबला, मी स्टेअरिंगला हात लावला म्हणून सुटलो तितनं. बत्तीस वर्सं बस चालवली, काय सांगू तुमाला, सोलापूर-पुणे, पुणे-सोलापूर. मागं पन्नास माणसं बसल्याली, बाया, तान्ही लेकरं, मग ड्रायवरनं कुटं कुटं उतरावं? म्हणून आमी गाडीवर बसायच्या आदी पाणीच पीत नव्हतो. टेंभुर्णी आली की बघू, भिगवण आलं की बघू, असं करत रोखून धरायचं. नव्या ड्रायवरला आमी हेच शिकवायचो, वर मिशीला पीळ देऊन शिकवायचो.

रिटायर झालो आन् लघवी अडाय लागली. जुने ड्रायवर चहाला बसायचे, सगळे म्हणले ड्रायवरला असतंच ते, सीटची उष्णता हाय, सबजाचं पाणी पी. दीड वर्स सबजा पीत बसलो. निम्म्यांची तीच तक्रार, मग हा आजार हाय असं वाटावं कसं? रगत पडाय लागलं ते बी मी सांगितलं न्हाय, कापडं धुताना सुनंनं बघितलं. बायको माझी मागंच गेली, पोरगा पुण्याला कंपनीत, घरात मी आन् सून, दोघंच. सासऱ्याचं असलं दुखणं सुनंनं बघावं, लई वंगाळ वाटलं.

तपासण्या झाल्या, प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणला गाठ अजून बाहेर गेली न्हाय, ऑपरेशन करा न्हायतर मशीनखाली रेडिएशनचा शेक घ्या, दोन्ही चालतंय, तुमी ठरवा. ऑपरेशननंतर काही महिने लघवी गळंल, शेकाला महिना-दीड महिना रोज यावं लागंल. तो बोलायचा सुनंकडं बघून, आन् मी भिंतीकडं बघत हुतो. पोरगा फोनवर म्हणला अण्णा, काढून टाका, विषय मिटला. सून म्हणली मामा, जीव तुमचा हाय, तुमचं तुमी सांगा, आमी करू. मी म्हणलं शेक.

कारण सांगितलं न्हाय. गळाय लागलं तर धुणार कोण? तीच की. बत्तीस वर्सं रोखलं आन् आता सुनंच्या हातात असली कापडं द्यायची, नको वाटलं जीवाला.

तर शेकाची रीत अशी की मशीनखाली जायच्या आदी बाटलीभर पाणी प्यायचं आन् रोखून बसायचं, मूत्रपिशवी भरल्याली लागती. मला हसू आलं. म्हणलं ह्यात आपला हात कोण धरणार. पर आता पैलं शरीर कुटं राहिलंय? काल नंबर लांबला, आन् सुटलं. बाकड्यावर, चारचौघांत. मान खाली घालून रडलो मी, खोटं कशाला बोलू. सुनंनं पिशवीतनं घडी केल्याली लुंगी काढली, म्हणली मामा, चला, बदलून घ्या. म्हणलं ही कुठनं आली गं? म्हणली पहिल्या दिवसापासनं हाय की पिशवीत.

ज्याला भिऊन शेक धरला ते झालंच, आन् तिला ते आदीपासनंच ठावं हुतं.

अजून अकरा शेक राहिल्यात. दमलोय लई. बरं व्हईल का न्हाय ते डॉक्टर बी छातीठोक सांगत न्हाय. तिचं मातुर भलं व्हावं. ती बघा, उद्याची बाटली भरतीया. पैली लुंगी दोरीवर वाळतीया, म्हणून दुसरी घातली पिशवीत, माझ्यासमोर, वरच ठेवली.