तणांची वही आणि सरांची सही

व्यासपीठावर विराजमान संस्थेचे माननीय अध्यक्ष महोदय, सन्माननीय सचिव, आजचे सत्कारमूर्ती म्हणजे आपले मुख्याध्यापक सर, सरांच्या सौभाग्यवती, माझे सहकारी शिक्षक, कार्यालयातील बंधू-भगिनी, पालकहो आणि मागच्या रांगांत कुजबुजणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांनो,

मी या शाळेत भूगोल शिकवते. सरांविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा मला खुद्द सरांनीच केली. मुद्देही त्यांनीच चिठ्ठीवर लिहून दिले आहेत. शिस्त, दूरदृष्टी, निसर्गप्रेम आणि शेवटी ‘तण व हवामान प्रकल्प, सविस्तर’. सविस्तर या शब्दाखाली दोन रेघा आहेत. सरांचा शब्द मी आजवर मोडलेला नाही, तेव्हा सविस्तरच सांगते. जरा तो पंखा कमी करा कुणीतरी, कागद उडताहेत.

पाच वर्षांपूर्वी प्रयोगशाळेचं कपाट आवरताना एक जुनं गाठोडं सापडलं. चाळीस वर्षांपूर्वीच्या कुणा शिक्षकांनी शाळेच्या आवारातली तणं वर्तमानपत्रात दाबून वाळवली होती आणि प्रत्येकाखाली पहिलं फूल दिसल्याची तारीख लिहिली होती. मला वाटलं, हीच तणं आज कधी फुलतात ते पाहावं. प्रयोगशाळेमागे मीटरभर लांबीरुंदीच्या सात चौकटी आखल्या आणि त्यात जे उगवेल ते उगवू दिलं. विज्ञानाच्या बाईंनी ओळख पटवून दिली, गणिताच्या सरांनी आलेख काढून घेतले, चित्रकलेच्या सरांनी पानापानाची चित्रं काढायला लावली आणि भाषेच्या बाईंनी मुलांना घरी पिटाळून आजी-आजोबांकडून तणांची नावं गोळा करवली. एका तणाला अकरा नावं निघाली, त्यातली चार इथे सांगण्यासारखी नाहीत.

नोंदी ठेवायचं काम पाचवीतल्या एका मुलीने मागून घेतलं. तिला सगळे तारीखबाई म्हणतात. मधल्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून ही आधी तापमापक वाचायची, मग गुडघ्यांवर बसून फुलं मोजायची. वहीच्या पहिल्या पानावर आमचा एकच नियम होता, दिसेल ते लिहायचं. हीच ती वही.

दर शनिवारी वही सरांच्या सहीसाठी जायची. आता सरांची सही करण्याची पद्धत कार्यालयातल्या सर्वांना ठाऊक आहे. शिपाईदादा वहीचा फक्त खालचा कोपरा उचलून धरतात, सर फोनवर बोलत बोलत त्या कोपऱ्यावर ‘तपासले, बरोबर आहे’ असं लिहून सही करतात, की पुढचा कोपरा. मिनिटात वीस पानं. एवढा उरक मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही, हे कौतुकाने सांगते.

तिसऱ्या वर्षी तपासणी समिती येणार होती. त्या दिवशी मधल्या सुट्टीत तारीखबाई माझ्याकडे आली. तिचा चेहरा उतरला होता. तिने एवढंच विचारलं, “बाई, आज काय लिहू?” मी मागे जाऊन पाहिलं, तर साती चौकटी साफ. तणं मुळासकट उपटलेली आणि त्यांच्या जागी रोपवाटिकेतून आणलेल्या शोभेच्या कुंड्या. मी तिला म्हटलं, जे दिसतंय ते लिही.

दुसऱ्या दिवशी मला नोटीस मिळाली, शाळेच्या आवारात अनावश्यक गवत वाढवल्याबद्दल. मी लेखी माफी मागितली. हो, मागितली. घरी म्हातारे सासरे अंथरुणाला खिळलेले, नोकरीची गरज. पण त्या माफीची लाज मी आजतागायत गिळू शकलेले नाही. सर, मी आपल्यावर रागावले आहे. तीन वर्षं तो राग मी पोटात ठेवला आणि आज मुद्दाम, ठरवून, सर्वांसमोर बाहेर काढते आहे.

तणांनी मात्र माफी वगैरे मागितली नाही. मातीत बी होतंच, पुढच्या वर्षी कुंड्यांच्या मधल्या फटींतून सगळी परत आली. मुलांनी पुन्हा मोजली. निष्कर्ष असा, की आपल्या आवारातली तणं चाळीस वर्षांपूर्वीपेक्षा सरासरी अठरा दिवस आधी फुलताहेत. हवा तापली आहे, हे आमच्या मुलांनी गुडघे टेकून सिद्ध केलं.

गेल्या वर्षी विज्ञान प्रदर्शनात या प्रकल्पाला पहिला क्रमांक मिळाला. अहवालावर लिहिलं होतं, संकल्पना, संशोधन व मार्गदर्शन, मुख्याध्यापक. मुखपृष्ठावर सर हातात रोप घेऊन हसताहेत. ते रोप तण नाही, कुंडीतलं आहे, पण ते जाऊ द्या. आत आमच्या बेचाळीस मुलांचा उल्लेख ‘काही विद्यार्थी’ असा आहे. तारीखबाईने तो वाचून मला विचारलं, “बाई, आम्ही काही आहोत का?” मी म्हटलं, सांगेन कधीतरी.

आज सांगते. अध्यक्ष महोदय, माझ्यानंतर आपण एक घोषणा करणार आहात हे सर्वांना कळलं आहे. संस्थेच्या सर्व शाळांच्या हवामान-शिक्षणाचे मार्गदर्शक म्हणून सरांना नेमायचं आहे, ते या प्रकल्पाच्या जोरावर. अहवालाच्या शेवटी सरांचं प्रमाणपत्र आहे, “नोंदवहीचे प्रत्येक पान मी स्वतः वाचून तपासले आहे.” तेव्हा त्यांनी वाचलेलं एक पान मीही वाचते. मुलीच्या अक्षरात आहे.

“चौकट एक ते सात. तण शून्य. फुले शून्य. कारण, मुख्याध्यापक सरांनी सकाळी सगळे उपटायला लावले. सर स्वतः उभे होते. मी विचारले तर म्हणाले, कचऱ्याची कसली नोंद करतेस. तापमान चौतीस. माती ओली आहे, कारण कुंड्यांना पाणी घातले.”

आणि खाली कोपऱ्यात, “तपासले, बरोबर आहे.” सही. शिक्का.

सर, या पानाची चौकटीत बसवलेली प्रत आम्हा सर्वांतर्फे आपल्याला भेट. तारीखबाई आता दहावीत आहे, तिसऱ्या रांगेत बसली आहे. ऊठ बाळ, ती चौकट सरांना दे आणि मूळ वही अध्यक्षांसमोर ठेव. टाळ्या नंतर वाजवा रे, आधी तिला वाट द्या.

अध्यक्ष महोदय, घोषणेआधी एकच विनंती. वही पूर्ण उघडून पाहावी, नुसता कोपरा नको.

संयोजकांनी मला बोलू दिलं, आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलं, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात सरांचा एखादा गुण सांगायचा राहिला असेल तर क्षमा असावी. आणि काही चुकीचं बोलले असेन, तर ते मात्र माझं नाही. त्याखाली सरांची सही आहे.